अख्खा ओंडका

गुलाबी कापड मी बांधलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्यानंतर गावात जे झालं त्याचं खापर अजूनही काही जण माझ्याच डोक्यावर फोडतात. मी बांधलं होतं ते निळ्या चौकड्यांचं जुनं कापड. पो, म्हणजे माझे वडील, ते कमरेला गुंडाळायचे, त्यालाच घाम पुसायचे. विटल्यावर मी ते फाडून दोन तुकडे केले आणि ओंडक्याच्या दोन्ही टोकांना बांधले. त्यात देवाधर्माचा काडीचा संबंध नव्हता. ओलं लाकूड टोकांकडून आधी वाळतं आणि तिथूनच तडकतं. म्हणून टोकांना मेण फासायचं, वर ओलसर कापड गुंडाळायचं, म्हणजे ते दमानं वाळतं. कातारी काम करणाऱ्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल.

एका सकाळी चहाचा पेला घेऊन शेडमध्ये गेले, तर माझ्या निळ्या कापडावर हातभर रुंद गुलाबी कापड. झुळझुळीत, नवं कोरं. गाठ नव्हती, दोन वेढे देऊन टोक माझ्याच कापडात खोचलेलं. पुढ्यात नैवेद्याच्या लाल सरबताची बाटली, झाकण काढून आत स्ट्रॉ घातलेला, आणि वाळूच्या डब्यात जळून गेलेल्या उदबत्त्या. मी चहा विसरले. झाडाला असं कापड कधी नेसवतात ते आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. झाडात बाई, म्हणजे त्या झाडाची देवी, राहत असेल तर नेसवतात. पण हे झाड कुठे होतं? हा कापलेला ओंडका होता, माझ्या शेडमधला, लेथवर चढायची वाट बघणारा. त्यात बाई आली कुठून, आणि आली ती सरबत घेऊनच आली की काय, मला काही कळेना.

तो फणस आईनं लावलेला. घराच्या मागे, कारण फणस मागेच लावतात. आमच्या बोलीत त्याला खनुन म्हणतात आणि त्यातल्या 'नुन'चा अर्थ टेकू. घरामागे खनुन असला की घराच्या पाठीशी कोणीतरी आहे असं मानायचं. आई गेली, झाड राहिलं. दर नव्या वर्षाच्या सणाला त्याच्याच कोवळ्या कुयऱ्यांची तिखट आमटी व्हायची आणि शेजारीपाजारी भांडी घेऊन यायचे. यंदा सणाच्या तोंडावर वादळ आलं आणि झाड मुळासकट आडवं झालं. मी तिथेच चिखलात बसून रडले. पो उघड्या पडलेल्या मुळांकडे बघून म्हणाले, "करवत आण."

आमच्या घरात रडणं असं लगेच कामाला लावतात.

सणाच्या दिवशी विहारात सगळं गाव जमलं होतं. नवी इमारत बांधून होत आली होती, पावसाळा संपला की तिचा सोहळा. लुआंग पो, म्हणजे आमचे मोठे भिक्खू, सगळ्यांसमोर म्हणाले, "सला इन्ताच्या घरचा फणस पडला, ऐकलं मी. वाईट झालं. पण नव्या विहारात फुलं वाहायला मोठा खान हवा आहे. तो त्याच फणसाचा होऊ दे, आणि सला इन्ताच्याच हातचा." खान म्हणजे उंच पायाचं गोल तबक. सला म्हणजे कसबी माणूस. ही पदवी कोणी स्वतःला लावून घेत नाही, गाव देतं, आणि आमच्या पंचक्रोशीत ती आता पोंना एकट्यालाच उरली होती. सगळे वळून पोंकडे बघायला लागले. पोंनी मान हलवली. मला तर आभाळ ठेंगणं झालं. आईचं झाड आणि पोंचे हात, दोन्ही एका खानात कायमचे राहणार, माझ्यामागे कोणी नसलं तरी तो तिथे राहणार. दुसरं काय हवं होतं मला?

पो अलीकडे लेथवर बसत नसत. डोळ्यांना झेपत नाही म्हणायचे. दुकानांसाठी आंब्याच्या लाकडाच्या फुलदाण्या असायच्या, त्या मीच कातायचे आणि पो शेजारी स्टुलावर बसून चुका काढायचे. पण खानाची गोष्ट वेगळी. त्याला ते बसणार, यात मला शंका नव्हती.

सणानंतर खोडाचे तुकडे केले तेव्हाच पहिला घोळ झाला. वरचे दोन तुकडे आम्ही रीतीप्रमाणे उभे चिरले, बरोबर गाभ्यातून. गाभा आत राहिला की लाकूड वाळताना आवळतं आणि टराटरा फाटतं. चिरलेले तुकडे मी ओले असतानाच जाड जाड कातले आणि त्यांच्याच भुशात पोत्यात भरून ठेवले. चीक इतका की पटाशी धुवायला रॉकेल लागलं. मग बुंध्याकडचा सगळ्यात जाड तुकडा आला, खानाचा.

"हाही चिरू या," मी म्हटलं.

"राहू दे अख्खा."

"अख्खा ठेवला तर तडकेल, पो."

"बघू."

"बघू काय? तुम्हीच शिकवलंत ना, गाभा ठेवला की लाकूड हातचं गेलं म्हणून? आत्ता चिरू, ओबडधोबड कातून ठेवू, पावसाळा सरेपर्यंत तयार होईल."

"मी शिकवलेलं मलाच शिकवू नकोस, ई-ला."

ई-ला म्हणजे शेंडेफळ. माझे केस पिकायला लागले, कंबर धरते, तरी घरात मी शेंडेफळच. त्या एका शब्दानं माझं तोंड बंद होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मला वाटलं, म्हाताऱ्या कारागिराकडे काहीतरी गुपित युक्ती असेल, आपल्याला न शिकवलेली. म्हणून मी हट्टानं त्या ओंडक्याची बडदास्त ठेवली. मेणाचे थर दिले. विटांवर पट्ट्या टाकून जमिनीपासून वर ठेवला. कापड वाळलं की पुन्हा भिजवून पिळून गुंडाळलं. सकाळ संध्याकाळ टोकं तपासली. आणि खरंच, तो तडकला नाही. अख्खा फणस, गाभ्यासकट, आणि केसाएवढीही चीर नाही. मी पोंना कौतुकानं दाखवायचे. ते वाकून बघायचे, "हं" म्हणायचे आणि निघून जायचे.

अशात ते गुलाबी कापड आलं.

माझा पहिला संशय पा वान्दीवर. पा म्हणजे आईपेक्षा थोरली मावशी, पण या सख्ख्या नव्हेत, शेजारच्या. त्यांचं कोपऱ्यावर दुकान आहे. उदबत्त्या, फुलं, लाल सरबत, सगळं तिथेच मिळतं. मी तडक तिथे गेले.

"पा, आमच्या शेडमध्ये काय चालवलंय तुम्ही?"

"काय चालवलंय?"

"गुलाबी कापड."

त्यांचे डोळे असे मोठे झाले की माझा संशय तिथेच लंगडा पडला. "कोणाच्या ओंडक्याला? फणसाच्या? अगं बाई," त्या खुर्चीतून उठल्याच, "म्हणजे काल मला स्वप्नात दिसल्या त्या तुझ्याकडच्या होय. हिरवा शालू, ओले केस. म्हणाल्या, माझं घर पडलं, पण मी अजून आतच आहे."

"काल रात्री तुमच्या घरातून गाणी ऐकू येत होती. झोपलात कधी, स्वप्न पडलं कधी?"

"दुपारी पडलं. दुपारची स्वप्नं जास्त खरी असतात."

आता अशा बाईशी काय बोलायचं? मी परत येईपर्यंत ती बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. दोघी चौघी शेडमध्ये शिरून ओंडक्यापुढे गुडघे टेकून बसल्या होत्या. एकीनं टाल्कम पावडर आणली होती आणि ती मेण फासलेल्या टोकावर बोटांनी चोळत होती. पावडरीत लॉटरीचे आकडे उमटतात ना, ते बघायला.

"अहो, मेण निघेल."

"गप गं. दोन दिसतंय की सात?"

"ती पटाशीची खूण आहे. माझ्या पटाशीची."

"म्हणजे सात," ती म्हणाली आणि निघून गेली.

आणि नेमकी पा वान्दीच्या जावयाला पुढच्या सोडतीत सातावरच लॉटरी लागली. थोडीच लागली, पण लागली. झालं. मग गावानं शेड माझी ठेवलीच नाही. हार आले, आरसा आला, कंगवा आला, नेसायला हिरवा रेशमी शालू आला. कोणी तेल लावून जायचं, कोणी सुगंधी पाणी शिंपडायचं. कापडांवर कापडं चढली. लेथ सुरू केला की बायका ओरडायच्या, बाईंना आवाज सोसत नाही म्हणून. फुलदाण्यांचं काम मी ओसरीवर नेलं. उंदराला जागा मिळावी तेवढी जागा मला माझ्या शेडमध्ये उरली.

पण मला खरी चिंता खानाची होती. दिवस जात होते. पूजेला लागलेलं लाकूड लेथवर कोण चढवू देणार?

मी पोंना विचारलं. त्यांच्याशी बोलून डोकं ताळ्यावर येईल असं वाटलं, उलट जास्तच फिरलं.

"पो, ते पहिलं गुलाबी कापड कोणी बांधलं असेल?"

"मला काय माहीत? असेल कोणी."

"सोडून टाकू सगळं?"

"नको. कोणी भक्तीनं बांधलं असेल."

"भक्ती? तुम्ही बोलताय हे? मागे तुम्ही तोडलीत त्या चिंचेला चांगली सात रंगांची कापडं होती. तुम्ही हात जोडून म्हणालात, 'बाई, दुसरं घर बघा,' आणि करवत लावलीत. मी तिथे होते."

"तेव्हा वय होतं."

"वयाचा आणि बाईचा काय संबंध?"

"असतो," असं म्हणून त्यांनी चिकट भाताचा गोळा ठेच्यात बुडवला.

माझ्या बापाला झाडातल्या बाईची भीती वाटते? ज्या माणसानं उभा जन्म झाडं कातली त्याला? मला वाटायला लागलं, म्हातारपणी माणसं अशी होत असावीत. मग वाटलं, नाही, त्यांना काहीतरी दिसलं असणार जे मला दिसत नाही. मग स्वतःचाच राग आला. तुला काय झालंय, असं मी आरशात बघून विचारलं, तेही बाईंच्या आरशात, कारण माझा कुठेतरी त्या पसाऱ्याखाली गेला होता.

लुआंग पोंकडे गेले. ते नव्या पायऱ्यांवर बसून गवंड्याला काहीतरी समजावत होते. मी सगळं सांगितलं. ते ऐकत ऐकत हसायला लागले.

"ओंडक्याला पहिलं कापड कोणी बांधलं?"

"गुलाबी? तेच तर कळत नाही."

"गुलाबी नव्हे. सगळ्यात पहिलं."

"निळं? ते मी बांधलं. वाळण्यासाठी."

"मग झालं की. या देवस्थानाची स्थापना तूच केलीस."

"आपण थट्टा करताय, आणि तिकडे आमचा खान अडकलाय."

त्यांचं हसू ओसरलं. "हे बघ, ला. लोकांनी ज्याला हात जोडले ते मी करवतीखाली घालायला सांगू शकत नाही. उद्या कोणाची म्हैस मेली तरी ते विहाराच्या दारात येतील. इन्ता स्वतः म्हणाला की चालेल, तर लोक ऐकतील. त्याचा शब्द मोठा आहे. नाहीतर सोहळ्याला खान आपण बाजारातून आणू. त्यात कमीपणा काही नाही."

कमीपणा नाही म्हणे. कारखान्यातला, चकचकीत वार्निशाचा, पायाला डिंक लावलेला खान, आणि इथे आईचा फणस पावडर खात पडलेला. परतताना माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, रागाचं की दुःखाचं ते मलाही सांगता आलं नसतं.

घरी आले, बायका गेल्या होत्या. पहिल्यांदाच मी त्या ओंडक्यासमोर नीट बसले. कापडं बाजूला सारून टोक बघितलं. अजून चीर नाही. आता खरं सांगते, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. अख्खं खोड, इतके महिने, आणि तडकत कसं नाही? मी मेण लावलं होतं हे खरं, लोकांनी तेल पाणी ओतून कापडांनी गुदमरवून त्याला वाळूच दिलं नव्हतं हेही खरं. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हटलं, "बाई, आत असाल तर सांगा. मला खान करायचा आहे. तुमचंच झाड आहे, तुमचंच नाव होईल." आतून काही आवाज आला नाही. पाल तेवढी चुकचुकली. पाल चुकचुकणं म्हणजे हो की नाही, यावर मी पुढचा सगळा दिवस घालवला.

शेवटी तोड पा वान्दींनीच काढली. त्यांची नियत वाईट नव्हती, एवढं आता मला कबूल करायला हवं.

"बाईंनाच विचारू," त्या म्हणाल्या. "आज संध्याकाळी सगळ्यांसमोर कापडं सोड. सगळी. एक धागा ठेवायचा नाही. रात्रभर तसंच राहू दे. उजाडता मी येते सगळ्यांना घेऊन. ओंडका उघडाच असला तर बाई गेल्या, तू खुशाल कात. कापड असलं तर राहिल्या."

"आणि रात्री कोणी येऊन बांधलं तर?"

"तुमचं फाटक तुम्ही लावता ना? मग कोण येणार?"

मला पटलं. इतकं पटलं की मी त्यांना जेवायला थांबवलं. संध्याकाळी सगळ्यांदेखत कापडं सोडली, अगदी तळातली माझी निळी चिंधीसुद्धा. फणसाचं पिवळं लाकूड उघडं पडलं, चांगलं मधासारखं. सगळ्या बायका पुढे सरकल्या. मागे पो उभे होते. मी त्यांच्याकडे बघून हसले. फाटकाला कुलूप मी स्वतः लावलं आणि किल्ली उशाशी घेऊन निजले. अशी गाढ झोप मला कित्येक दिवसांत लागली नव्हती. उद्या करवत, उद्या लेथ, पो स्टुलावरून उठून माझ्या जागी बसतील, एवढंच डोक्यात.

कोंबडे आरवताना जाग आली. धुकं होतं. शेडमध्ये कोणीतरी होतं.

पो ओंडक्याजवळ गुडघ्यांवर बसले होते. आधी वाटलं, हात जोडतायत. जवळ गेले तेव्हा त्यांच्या हातातलं गुलाबी कापड दिसलं. त्यांनी ते ओंडक्याभोवती दोनदा फिरवून घेतलं होतं आणि आता दोन टोकांची गाठ मारत होते. गाठ होत नव्हती. एक टोक बोटांतून सुटायचं, ते पकडेपर्यंत दुसरं सुटायचं. त्यांची बोटं अशी थरथरत होती की कापडाचा फडफड आवाज येत होता. खोचायला खाली दुसरं कापड नव्हतं. ते मीच काढलं होतं.

"पो."

ते दचकले नाहीत. "गाठ बसत नाही गं," म्हणाले, आमटीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं.

मी त्यांच्याशेजारी खाली बसले. इतके दिवस ज्या गोष्टी डोळ्यांसमोर होत्या त्या आता एकदम दिसायला लागल्या. त्यांनी तंबाखू सोडली म्हणून मी गावभर कौतुक सांगत फिरले होते. सोडली नव्हती, विडी वळता येत नव्हती. चहा ते दोन्ही हातांनी प्यायचे, मला वाटायचं ऊब घेतायत. मला कसं कळलं नाही? मी रोज त्यांच्याशेजारी बसत होते.

"कधीपासून?"

"तुझी आई गेली त्यानंतरच्या थंडीपासून. आधी म्हटलं थंडीनंच आहे."

"सांगायचं ना मला."

"सांगून काय, लेथ बंद केला असतास? तू जिवापाड काम करत होतीस."

"मग लुआंग पोंना तरी नाही म्हणायचं."

"सगळ्या गावासमोर विचारलं त्यांनी. तुझं तोंड बघितलं मी तेव्हा. कसं म्हणणार नाही?" त्यांनी कापडाचं टोक पुन्हा उचललं. "म्हटलं, अख्खा ठेवू. तडकेल. लाकूड गेलं, असं म्हणता येईल. लाकडाला कोणी नावं ठेवत नाही. पण तू त्याला मेण काय लावलंस, कापडं काय भिजवलीस. रोज सकाळी येऊन दाखवायचीस, पो, बघा, एक चीर नाही. मी मनात म्हणायचो, या पोरीला मीच का एवढं चांगलं शिकवलं."

हसू की रडू, मला समजेना. मी म्हटलं, "मी कातते. तुम्ही शेजारी बसून सांगा. कोणाला कळणार नाही. तुमच्याच हातचा म्हणू."

"आणि सोहळ्याच्या दिवशी? करणाऱ्यानंच तो फुलांनी भरून सगळ्यांपुढून न्यायचा असतो. तो पण तू नेशील?"

मी कल्पना केली. नवा विहार, दोन्ही बाजूंना गाव, आणि सला इन्ताच्या हातात तो थरथरणारा खान, वाटेवर सांडलेली फुलं. कोणी काही बोललं नसतं. सगळ्यांनी खाली बघितलं असतं, आणि तेच त्यांना मारून गेलं असतं.

फाटकाशी आवाज आले. पा वान्दी कुलूप वाजवत होत्या. "ला, ए ला, उघड. आम्ही आलो."

पोंनी घाईनं टोकं धरली. पुन्हा सुटली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या बापानं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं, आणि पुन्हा कधी बघू नये असं मला वाटतं.

मी कापड त्यांच्या हातातून घेतलं. दोन्ही टोकं ओढून गाठ मारली, वर अजून एक मारली. आईचा फणस आता माझ्या लेथवर कधी चढणार नव्हता. हातात घेतल्यावर ते मला कळलं, तरी गाठ मी घट्टच मारली. मग जाऊन फाटक उघडलं.

पा वान्दी सगळ्यांत आधी आत शिरल्या. कापड बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला. "बघ. सांगत नव्हते मी? राहिल्या. आता काय म्हणणं आहे तुझं?"

"माझं काय म्हणणं असणार, पा? त्यांचं घर आहे. राहू देत."

"आणि खान?"

"लुआंग पोंना मी सांगते. बाजारातून आणू."

माझा आवाज फाटला. पांना ती भक्ती वाटली, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. सगळ्या गुडघ्यांवर बसल्या. उदबत्त्या पेटल्या. मधोमध जागा करून बायकांनी पोंना पुढे बसवलं, कारण झाड त्यांच्या घरचं आणि मान त्यांचा. पोंनी हात जोडले. मी बाजूनं बघत होते. तळवे एकमेकांवर घट्ट दाबून त्यांनी कपाळाला टेकवले होते, आणि तसे दाबून धरल्यावर ते हात अजिबात हलत नव्हते.

बाई आत नाहीत हे त्या सगळ्या जणींत मला एकटीलाच माहीत होतं. मीही हात जोडले आणि बाईंना म्हटलं, आता कुठे जाऊ नका.